नाकातला गाळ

पाचाड,
ता. ७ ऑक्टोबर २०२४

चि. प्रवीण यास,
आनंदीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. काल फोनवर तू एवढा वेळ बोललास, त्यातलं मला काडीचं कळलं नाय. तुझं नाक बंद, माझा कान बंद, मग फोनला दोष देऊन काय उपयोग? त्यापेक्षा पोस्टात पाकीट टाकते. तू सावकाश वाच आणि सावकाश उत्तर दे. मला सातवीपर्यंत शिकवलं ते फुकट गेलं, असं तुझा बाप भागोजी आयुष्यभर सांगत आला. त्या माझ्या भावाला हे पत्र आधी दाखव.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोनं, अपेक्षानं, माझ्या लेकाला, राजेशला, सांगितलं की भात कापताना तुझ्या नाकातून रक्त आलं आणि तू ते बाहीला पुसून परत विळा हातात घेतलास. वर सांगतोस काय, तर पुरातला गाळ सुटतोय! अरे, तीन वर्षं झाली त्या पुराला. महाडच्या दुकानदारांनी फावड्यांनी गाळ उपसला, भिंती रंगवल्या, नवा माल भरला, आणि तुझ्या एका नाकपुडीतला गाळ अजून निघत नाय?

तू छातीभर पाण्यात उतरलास, चंद्राबाई दहीवालीला छपराच्या पत्र्यावरून काढून पाठीवर घेऊन आलास, दोनदा बुडालास, नाकातोंडात सावित्रीचा गाळ गेला. सगळं खरं. मला त्याचा अभिमान हाय. कुणाच्याही लग्नात जाऊन तू ती गोष्ट सांगतोस आणि शेवटी डाव्या नाकपुडीवर बोट ठेवतोस, तेही मी ऐकून घेते. पण निरगुडीची वाफ झाली, तुपाचे थेंब झाले, आता डॉक्टर बघायला नको काय?

तुला आत्याचं ऐकायची सवयच नाय म्हणा. कशी असेल? तुझ्या बारशाला आत्या असून मी नव्हते. गांधारीचं पाणी पुलावरून गेलं, मी टोपडं पदराखाली धरून अलीकडं भिजत बसले, आणि तिकडं शेजारणीनं कानात कुर्र करून तुझं प्रवीण नाव ठेवलंन. मी गोमाजी ठरवलं होतं, आमच्या आज्याचं. ते अजून माझ्या मनात सलतंय.

भात घरात आलं की महाडच्या नाकाच्या डॉक्टरकडं जा. माझा लोभ हाय तेवढा राहू दे, त्याला आटवू नकोस.

तुझी,
आनंदीआत्या

*

मु. वरची वाडी, ता. पोलादपूर,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. आनंदीआत्येस,
प्रवीणचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि अक्षर बरं हाय एवढंच म्हणाले. म्हणजे खूश झाले असं समज.

इकडं सगळं ठीक. भात झोडून कणगीत पडलं. माझी झोप तेवढी नीट नाय, आणि माझ्यामुळं दुसऱ्या कुणाचीच नाय. अपेक्षा म्हणते की माझं घोरणं म्हणजे कशेडी घाट चढणारा भरलेला ट्रक. आबा पडवीतून ओरडून सांगतात की गिअर बदल. वास तर कधीचाच गेलाय गो. परवा मी चुलीपाशीच बसलो होतो आणि भाताचा पार कोळसा झाला, तरी मला पत्ता नाय. आबा खळ्यातून धावत आले.

तू सांगितलंस म्हणून महाडला गेलो. डॉक्टर बाई हाय, वयानं माझ्याहून लहान. मी तिला पुराची सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली, मग नाकात दुर्बीण घातली आणि म्हणाली की यात गाळबिळ काय नाय, गाठ हाय. मशिनीतला फोटो काढला. गाठीनं डावी बाजू भरून टाकलीय, मधला पडदा उजवीकडं ढकललाय आणि वरती डोळ्याच्या खोबणीला टेकलीय. तिनं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या मॅडमनी गाठीचा तुकडा काढून तपासायला दिलाय. निकाल यायला वेळ लागेल.

माझा डावा डोळा पुढं आलाय म्हणे. मला तर आरशात दोन्ही सारखेच दिसतात. आणि खरं सांगू, मला अजून वाटतं की तो गाळच हाय, घट्ट झालेला. या पोरी पूर आला तेव्हा कॉलेजात बसलेल्या. सावित्रीचा गाळ काय चीज हाय ते त्यांना काय ठाऊक?

तू काळजी करू नकोस. तुझी माया हाय तेवढी बास, आणखी वाढवलीस तर पोस्टमनला रोज वाडी चढावी लागेल.

तुझा,
प्रवीण

*

पाचाड,
ता. २३ नोव्हेंबर २०२४

चि. प्रवीण यास,
अनेक आशीर्वाद.

गाठ हा शब्द वाचला आणि पिठाची परात तशीच बाजूला सारली. रायगडावर जाणारी मुंबईची मंडळी आपल्या खाणावळीत जेवायला बसली होती, त्यांना राजेशनं वाढलं.

तुझ्या आतोबांचीही गाठच होती, गळ्याची. ते अंगावर काढत राहिले, जरा सूज हाय, जरा सूज हाय म्हणत. पुढचं तुला सांगायला नको. तेव्हापासून त्या शब्दाला मी घाबरते. तू हसत हसत लिहितोस, पण मला हसू येत नाय रे.

निकाल आला की त्याच दिवशी कळव. चांगला असला तरी कळव, वाईट असला तर आधी कळव. तोपर्यंत माझा जीव टांगणीला हाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या

*

वरची वाडी,
ता. १४ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाई यांस,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे. तुम्हाला अजून काहीच कळवलेलं नाही, हे मला आज समजलं. यांनी मला कळवलं म्हणून सांगितलं होतं.

आधी चांगलं सांगते. कॅन्सर नाही, आत्याबाई. गाठ साधी आहे. पूर्ण काढली की माणूस बरा. निकाल ऐकून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पोटभर रडले. तिथली आया मला धीर द्यायला आली, तिला वाटलं वाईट बातमी आहे.

पण खरा घोटाळा त्याच्या पुढं झाला. मॅडमनी समजावून सांगितलं, की ही गाठ तान्ह्या बाळांच्या नाकात आढळते, वर्षाच्या आतल्या बाळांच्या. नाकात जी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते तिच्याच जातीचा गोळा. मोठ्या माणसात फार क्वचित; त्यांनी स्वतः पहिल्यांदाच पाहिली. पुराशी तिचा काही संबंध नाही. आत हळूहळू वाढत असणार, नाक बंद झाल्याचं तेव्हा लक्षात आलं एवढंच. हे ऐकलं आणि यांचा चेहरा असा काही उतरला, की मला वाटलं आता यांना चक्कर येते.

गावात येऊन यांनी सांगून टाकलं की गाळाचा दगड झालाय, डॉक्टरांचीही मती गुंग आहे. ऑपरेशनसाठी पंधरा जानेवारी मिळाली आहे, आणि हे म्हणतात जाणार नाही. कारण विचारलं तर कधी आबांचे गुडघे, कधी वालाची पेरणी. खरं कारण मला ठाऊक आहे. यांना लाज वाटते. तीन वर्षं ज्या नाकावर बोट ठेवून पुराची गोष्ट सांगितली, तिथं बाळाचं दुखणं निघालं. लोक हसतील याची धास्ती आहे.

मॅडम स्पष्ट म्हणाल्या, की गाठ साधी असली तरी जागा साधी नाही. ती डोळ्यावर रेटते आहे. थांबलात तर नजर जाईल, मग वर मेंदूकडेही सरकेल. आत्ताच यांना एकाच्या जागी दोन माणसं दिसतात. यांच्या टेम्पोची किल्ली मी माझ्याकडे घेतली आहे, त्यावरून दोन दिवस अबोला होता. माझं ऐकत नाहीत, आबांचं ऐकत नाहीत. तुमचं पत्र मात्र उशाशी ठेवतात. तुम्हीच काहीतरी लिहा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
अपेक्षा

*

पाचाड,
ता. २२ डिसेंबर २०२४

चि. प्रवीण यास,
आशीर्वाद. या वेळी एकच, कारण मी रागात हाय.

मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस आणि बायकोवर डोळे वटारू नकोस, एक आधीच पुढं आलाय.

गाठ म्हटल्यावर लोक देव पाण्यात घालून बसतात. तुझी साधी निघाली आणि तू तोंड पाडून बसलास! तुझ्या आतोबांच्या वेळी कुणी डॉक्टर म्हणाला असता की हे बाळाचं दुखणं हाय, तर मी पाचाडभर साखर वाटली असती. आणि तुला लाज वाटते? मेल्या, मला इथं एक महिना झोप नाय.

काल मी महाडला गेले. राजेशला मसाला आणायचा म्हणून सांगितलं, काम वेगळंच होतं. चंद्राबाईला शोधून काढली. बाजारात तिथंच बसते, दह्याचं मडकं घेऊन. मी तिला विचारलं की पुरात तुला काढणाऱ्या त्या माणसाचं काय आठवतं. तर म्हणाली, पाठ. पाण्यात सगळा वेळ तिचं तोंड तुझ्या मानेत होतं. शर्ट निळा होता, कॉलर फाटली ती तिच्याच मुठीत, आणि तू तिला सारखं सांगत होतास की गळा दाबू नको आज्ये, खांदा धर. मी मुद्दाम नाकाचं विचारलं. तिला काय सांगता येईना. उलट मलाच विचारते, का हो, त्याला नाक नाय काय? भर बाजारात मला हसू आवरेना.

आता बोल. तू तिला वाचवलंस ते तुझ्या पाठीनं, रे बाबा. नाकाचा त्यात काय संबंध? गाठ काढली म्हणून ती बाई परत पत्र्यावर जाऊन बसणार नाय.

गावातली माणसं हसतील, हसू देत. तुझा बाप सगळ्यात जास्त हसेल, तो माझा भाऊ हाय, मला ठाऊक हाय. पण उद्या तुझा डोळा गेला तर त्यांच्यातलं कुणी हसणार नाय, आणि मला ते बघायचं नाय.

तान्ह्याचं दुखणं झालंय ना? मग तान्ह्यासारखं वाग. तान्ह्याला कुणी विचारत बसत नाय, उचलतात आणि डॉक्टरकडं नेतात. पंधरा तारखेला गुमान जा. ऑपरेशन झालं की बाराव्या दिवशी मी तुझं बारसं करणार. माझा हक्क गांधारीनं नेला होता, तो आपल्या पायांनी परत आलाय. गंमत समजू नकोस. टोपड्याचं कापड घेऊनच महाडहून परतले, लाल, ठिपक्यांचं. डोक्याचं माप कळव.

जाशील तर पुन्हा भरभरून आशीर्वाद देणारी,
तुझी आत्या

*

मुंबई,
ता. १४ जानेवारी २०२५

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

आलो. डोक्याचं माप मुद्दामच पाठवत नाय.

तुझं पत्र घेऊन मी गोठ्यात गेलो होतो. कॉलर फाटल्याचं मी साफ विसरलो होतो गो. तो निळा शर्ट मला लग्नात मिळालेला. वाचलं आणि रडू आलं. म्हशीनं बघितलं, बाकी कुणी नाय.

निघायच्या आदल्या दिवशी एसटीच्या थांब्यावर सगळी बसली होती, तिथं मी खरं काय ते सांगून टाकलं. हसले. खूप हसले. आमचा शेजारी प्रितम म्हणाला की मुंबईला नेताना बाटली आणि दुपटं विसरू नका. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग तोच प्रितम संध्याकाळी घरी आला आणि मी येईपर्यंत म्हशींचं बघतो म्हणाला.

इथं माझा भाव वधारलाय. रोज शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं येतात आणि माझ्या नाकात डोकावतात. एका पोरीनं विचारलं की फोटो मोठ्या सभेत दाखवला तर चालेल काय. मी म्हटलं खुशाल दाखवा, खाली नाव आणि गाव तेवढं घाला. ते नियमात बसत नाय म्हणे. चेहरा न कापता नाकातूनच काढणार हायत. वास परत येईल की नाय ते मात्र मॅडमना सांगता येत नाय.

आज संक्रांत. अपेक्षानं तिळाचा लाडू दिला, गोड लागला, वास काय नाय. उद्या सकाळी नंबर. आत्ये, मला भीती वाटते. इथं कुणाला सांगितलं नाय, तुला लिहितो. पाण्यात उतरताना नव्हती वाटली, कारण तेव्हा विचार करायला वेळच नव्हता.

पाठीवर हात ठेव.
तुझा,
प्रवीण

*

मुंबई,
ता. १८ जानेवारी २०२५

ती. आत्याबाई यांस,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

राजेशभाऊजींना फोन केलाच आहे, पण पत्राशिवाय तुमचं समाधान होणार नाही म्हणून हेही.

निघाली! अख्खी निघाली, आत्याबाई! बाहेरून कुठं ओरखडासुद्धा नाही. आवळ्याएवढा गोळा होता. मॅडम बाहेर आल्या त्या हसतच आल्या, म्हणाल्या मुळासकट काढली. डोळा सुखरूप आहे, आता एका माणसाचं एकच माणूस दिसतं. काल नाकातल्या पट्ट्या काढल्या आणि हे आजूबाजूच्या सगळ्या खाटांपाशी जाऊन श्वास घेऊन दाखवून आले. एका सिस्टरनी दटावून झोपवलं.

घोरणं पार गेलं. गंमत म्हणजे त्यामुळं माझीच झोप मोडली. इतकी शांतता, की मी उठून बघितलं श्वास चालू आहे ना. वास अजून नाही. कॉफीचा कप नाकाखाली धरला, काही नाही. मॅडम म्हणाल्या वाट बघा, कधी येतो, कधी येत नाही. हे म्हणतात नाही आला तरी चालेल, पण मला माहीत आहे, चालणार नाही.

एकवीस तारखेला घरी. बारशाचं तुम्ही खरंच मनावर घेतलं असेल, तर घुगऱ्यांचे हरभरे मी भिजत घालते.

तुमची लाडकी,
अपेक्षा

*

वरची वाडी, ता. पोलादपूर,
ता. ३० जानेवारी २०२५

ती. आनंदीआत्येस,
सा. न. वि. वि.

तू केलंस ते केलंस. आता मी सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं तुला नाकबूल करता येणार नाय.

सव्वीस जानेवारी. शाळेतला झेंडा झाला आणि अख्खी वाडी आमच्या पडवीत. झोपाळ्याला झेंडूच्या माळा कुणी लावल्या? तू. एकोणचाळीस वर्षांच्या मिशीवाल्या माणसाला त्यावर कुणी बसवला? तू. टोपडं डोक्यात शिरेना, तेव्हा ते दोन्ही हातांनी ओढून शिवण उसवलीस आणि उसवलेलंच घातलंस. डॉक्टरांनी नाक शिंकरायला बंदी केलीय आणि इथं हसू दाबून माझा जीव चाललेला. बायका पाळणा म्हणत होत्या, आबा दोरी ओढत होते आणि घुगऱ्यांची परात प्रितमनं एकट्यानं संपवली.

आणि राजेशच्या टेम्पोतून चंद्राबाई उतरली! तिला आणशील असं मला वाटलं नव्हतं गो. पुरानंतर मी तिला पहिल्यांदा समोरून बघितलं. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा वर केला, नाक दोन्ही बाजूंनी नीट तपासलं आणि सगळ्यांना सांगितलं की नाक बरं हाय. मग माझ्या मागं जाऊन पाठीवरून हात फिरवला आणि हाच तो म्हणाली. आता मला ती गोष्ट कुणाला सांगायची गरज उरली नाय, पण मी सांगणार हाय.

मग तू वाकलीस आणि माझ्या कानात कुर्र केलंस. चंद्राबाईनं तुझ्या पाठीत धपाटे घातले, ते मोजून नाय, मनापासून घातले. तू नाव ओरडलीस ते पार खालच्या वाडीपर्यंत गेलं. चार दिवस झाले, मला गावात प्रवीण म्हणून कुणी हाक मारत नाय. काल पोस्टमननंसुद्धा गोमाजी म्हटलं.

पण मला लिहायचंय ते पुढचं. बाकीची हसत होती, तेव्हा तू सरळ झाली नायस. तान्ह्याचा श्वास बघतात तसा तू माझ्या नाकाखाली तळहात धरलास. आधी उजवीकडं, मग डावीकडं. मी हळूच श्वास सोडला. दोन्हीकडून येतोय असं तू स्वतःशीच म्हणालीस आणि तुझे डोळे भरले. मग मी श्वास आत घेतला.

तुझ्या हाताला वास होता, आत्ये. भाजलेल्या कांद्याचा आणि तांदळाच्या पिठाचा. मी तिथं काय बोललो नाय, बोललो असतो तर रडलो असतो, आणि टोपडं घालून रडायचं म्हणजे फारच झालं असतं. अपेक्षाला रात्री सांगितलं, तर तिनं घरातली एकेक वस्तू आणून माझ्या नाकाखाली धरली. सुकट, आमसूल, रॉकेल, आबांची तपकीर. सगळ्यांचा वास आला. पण पहिला तुझ्या हाताचा.

येत्या रविवारी पाचाडला येतो. भाकऱ्या भाजायला घे, मी रस्त्यावरूनच वास घेत येईन.

आशीर्वाद आता नव्या नावानं पाठव.
तुझा,
गोमाजी